माझ्या आधी येऊन गेलेला मी

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. आई मीठ-मोहऱ्या ओवाळायची तेव्हाही मी तोंडावर हसायचो. पुढे पस्तीस वर्षं पोरांना कॉमर्स शिकवलं. त्यामुळे "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं" असं खाली कुणाला लिहायचं असेल तर खुशाल लिहा, मीही तेच लिहिलं असतं…

आज लिहायला बसलो त्याला कारण माझा नातू. पुण्यात एका फायनान्स कंपनीत मार्केटिंगची इंटर्नशिप करतोय. परवा जेवताना सहज म्हणाला, "आजोबा, लोक लगेच हो म्हणतात. फक्त त्यांच्या ओळखीच्या माणसाचं नाव सांगायचं." मी ताट बाजूला सारलं. जे बायकोलाही कधी सांगितलं नाही ते आता सांगतो. टाइप तोच करतोय, म्हणजे त्यालाही कळेल. कळू दे.

एकाहत्तरचा उन्हाळा. मी नगरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. इंटर्नशिप वगैरे शब्द तेव्हा नव्हते, 'सुट्टीतलं काम' म्हणायचे. नगरात एका खाजगी बचत कंपनीनं आमच्यासारखी पोरं घेतली होती. लोकांनी एकरकमी ठेव ठेवायची, तीन वर्षांनी दुप्पट मिळणार. मला श्रीरामपूरजवळचं एक गाव दिलं, कारण तिथे माझे मामा होते आणि त्यांची सायकल मिळणार होती. महिन्यात वीस फॉर्म आणले तर नोकरी पक्की. घरी खायची भ्रांत होती असंही नाही हो. मला ऑफिसात टाय लावून बसायचं होतं, बस्स.

साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं — गावात ज्याचा शब्द चालतो त्याचा फॉर्म आधी भरा, तो गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवा आणि दारोदार दाखवा.

गावाच्या कडेला चर्चमागे ख्रिस्ती वस्ती होती. तिथे शब्द चालायचा रूथबाईंचा. मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या, अर्ध्या वस्तीला त्यांनीच अक्षर शिकवलेलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुझ्या आईचे पैसे ठेवलेस का यात?"

"अजून नाही, बाई."

"मग आधी ते ठेव. नंतर माझ्याकडे ये."

दुसऱ्या दिवशी बाई लेकीच्या बाळंतपणाला संगमनेरला गेल्या. आणि मी… मी मामांच्या घरी, खोलीचं दार लावून, त्यांच्या नावाचा फॉर्म भरला आणि खाली त्यांची सही ठोकली. मामा कारखान्यात, मामी दळण आणायला गेलेली. कुणीही पाहिलं नाही. हे नीट लक्षात ठेवा.

त्याच दुपारी तीनच्या सुमाराला वस्तीवर गेलो. पहिलं घर याकूबमामांचं, ते शिंपीकाम करायचे. मी ओट्यावर पाय ठेवतोय तोच त्यांनी मशीन थांबवलं.

"आरं, आत्ताच गेलास ना तू? काय इसरलं का?"

मी म्हटलं, "मामा, मी आत्ताच येतोय."

"चेष्टा करतो व्हय! ह्यो बघ रिकामा तांब्या. आत्ता पानी पिऊन गेलास." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाईंची सही खोटी हाय, म्या केली, पैशे देऊ नका म्हनलास. रडत हुतास. खरं बोललास, बरं केलंस पोरा. जा आता घरी."

मी पिशवीतून फॉर्म अजून बाहेर काढलासुद्धा नव्हता.

तोतया असेल, दुसऱ्या कंपनीचा कुणी असेल, असं काहीतरी मनात आणत पुढच्या घरी गेलो. तिथेही तेच. त्यांनी पाहिलेल्याच्या अंगावर माझाच निळ्या रेघांचा शर्ट, वरच्या बटणाच्या जागी टाचणी, सायकलच्या सीटला लाल कापड. तिसऱ्या घरातली म्हातारी तर माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आजून रडतोय का रं?" मी रडत नव्हतो. घाम पुसत होतो.

आता खरं सांगतो, कारण इथून पुढे भुताची नाही, माझी गोष्ट आहे. मी घाबरलो, पण त्याहून जास्त चिडलो. कोण हा, माझं काम नासवतोय! तो ओळीनं घरं घेत होता, आणि ओळीतलं शेवटचं घर वस्तीपासून लांब, पाटापलीकडे होतं. मार्थामावशीचं. मी मधली सगळी घरं सोडली आणि पाटाच्या कडेनं सायकल अशी हाणली की चेन तुटायची बाकी. त्याच्या आधी पोहोचायचं. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

पोहोचलो. मावशी शेंगा फोडत बसलेली. विधवा बाई, कारखान्याच्या दवाखान्यात झाडलोट करायची. पुढच्या वर्षी लेकीला नर्सिंगला घालायचं म्हणून तिनं पैसे साठवलेले.

आधी कुणी येऊन गेलं वगैरे काही ती बोलली नाही. फॉर्म बघितला आणि म्हणाली, "बाईंनी ठिवल्यात न्हवं?"

"हो, मावशी. ही काय सही."

"मंग झालं."

पिठाच्या डब्यात हात घालून तिनं पुरचुंडी काढली. मी घेतली. बाहेर पडलो तर पाटाच्या पलीकडून एक सायकल येत होती. सीटचं लाल कापड उन्हात दिसलं. मी मान खाली घातली आणि दुसऱ्या वाटेनं निघालो. तोंड बघायची हिंमत झाली नाही.

दिवाळीच्या आत कंपनीला कुलूप लागलं. टाय काही गळ्यात पडला नाही. आई म्हणाली, "आपण नाही ठेवले ते बरं झालं." मी मान डोलावली… वस्तीवर जायचं रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो.

गेलो तो चौऱ्याहत्तर साली, पहिली नोकरी लागल्यावर. पाकिटात मावशीची सगळी रक्कम घेऊन. मावशी वाकली होती. लेक उसात खुरपायला गेली होती. नर्सिंगची ती जागा कधीच दुसऱ्या मुलीला गेली होती.

मी पाया पडायला वाकलो तर मावशी म्हणाली, "आरं किती येळा पाया पडशील? तवा येऊन गेलास की."

"कधी, मावशी?"

"कंपनी बुडाल्याचं कळलं त्याच आठवड्यात. हितंच उंबऱ्यात बसून ढसाढसा रडलास. पोरीची पन माफी मागितलीस. लई राग हुता मला, पन तुझ्याकडं बघून गेला बघ. माफ केलं म्हनलं हुतं ना तुला?" मग पाकिटाकडे बघून म्हणाली, "पैशे तेवढे तवा नव्हते तुझ्याजवळ. ते ठिवून जा."

त्या आठवड्यात मी नगरमध्ये होतो. मित्रांबरोबर दोनदा सिनेमाला गेल्याचं मला पक्कं आठवतं.

तो कोण होता, त्याला माझ्या बंद खोलीतलं कसं कळलं, हे मला आजही सांगता येत नाही. भास म्हणावं तर याकूबमामांचा तांब्या रिकामा झालेला होता आणि मावशीचा राग गेलेला होता. कुणाला काही सुचत असेल तर सांगा, मी वाद घालणार नाही.

पण मला रात्रंदिवस टोचतं ते हे नाही. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. "मावशी, तो मी नव्हतो" एवढंच म्हणायचं होतं. मग तिला पुन्हा राग आला असता, मला शिव्या खायला लागल्या असत्या, माफी नव्यानं मागायला लागली असती. मी म्हणालो, "हो मावशी, आलो होतो." तिनं चहा केला, तो प्यायलो आणि त्यानं मिळवलेली माफी खिशात घालून एस.टी. धरली.

मावशी आता नाही.