मामांचा राब

नव्वदच्या सुमारास मी पेणहून लग्न होऊन रोह्याजवळच्या गावात आले. शेजारचे मामा धाटावला कंपनीत होते, पण वैशाखात राब भाजायला हटकून रजा घेत. कंपनीत कारण काय सांगत, देव जाणे. भाताचं रोप करायच्या जागेवर पाला-शेण पसरलं की ते चिमूटभर राख उडवून वारा बघत आणि आग वाऱ्याच्या उलट सरकेल अशा टोकाला काडी लावत.

"आग चालली पायजे, धावली नाय पायजे."

एकदा घाईत मी आमचा राब भलत्याच टोकाने पेटवला. आग डोंगराच्या गवतात धावली. मामांनी ओल्या गोणपाटाने झोडपून विझवली. त्यांच्या भुवया करपल्या.

पुढच्या वैशाखात त्यांनी काडेपेटी माझ्या हातात ठेवली.

"औंदा आमचा राब तूच पेटव गो," म्हणाले, आणि राबाकडे पाठ करून तंबाखू मळत बसले.