डोमाचं ‘काऊन जी’

दरेकसा स्टेशनावर माझी पेटी डोमाच्या डोक्यावर होती. बाबा एवढंच म्हणाले, “चिठ्ठी धाडजो.” गाडीला अजून वेळ होता. डोमाने पेटी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, “मले गमतीच्या खेळातून काढलं, काऊन जी?”

मी रुळांकडे बघत म्हणालो, “वरून हुकूम आला.”

त्याने मान हलवली. वरून आलेल्या गोष्टींची आम्हा सगळ्यांना सवय होती.

गावाकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनो, हे आज लिहितो, कारण खरं काय झालं ते माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दुपारी आमचं लोकनाट्य, खडी गंमत, उभं राहायचं. मी शाहीर, डोमा सोंगाड्या. मी एक ओळ म्हणायची, त्याने ‘काऊन जी?’, म्हणजे ‘का हो?’, म्हणून ती उलटवायची, हा खेळ आजोबांच्या वेळेपासूनचा. स्वातंत्र्यानंतर मी कम्युनिस्ट पक्षात गेलो. गवळणी काढून कसणाऱ्याच्या राज्याची गाणी बसवली. डोमाचं ‘काऊन’ मात्र निघेना. एका मंडईत मी म्हणालो, पक्ष सांगतो तेच खरं.

“काऊन जी? आमचा मालगुजारबी असाच म्हणे.”

गावचा जमीनदार आठवून मंडई हसली. नागपूरहून आलेले पक्षाचे पाहुणेही पोट धरून हसले. मॉस्कोला निघालेल्या कलापथकासाठी त्यांना डोमाच हवा होता. मी लिहिता माणूस, म्हणून त्यांनी अभिप्राय माझ्याकडे मागितला. मी लिहिलं : विनोद बेशिस्त, जनतेत संशय पसरवतो. डोमाचं नाव पथकातून गेलं, आमच्या गमतीतूनही गेलं. त्याच्या जागी मी मॉस्कोला गेलो.

पथक परतलं, मी राहिलो. एका छापखान्यात मराठी पुस्तकांची प्रुफं तपासायचो. मराठी फक्त कागदावर उरली. रविवारी थिएटरात जायचो. तिथे सगळे एकदम टाळ्या वाजवायचे आणि एकदम थांबायचे. एके सकाळी कचेरीतली मोठ्या नेत्याची तसबीर भिंतीवर नव्हती. मागे उजळ चौकोन राहिला होता. आम्ही त्याच्याखाली बसून काम करत राहिलो. का, असं कुणीच विचारलं नाही. तो शब्द रशियनमध्ये मला येत होता. पण ‘जी’ लावून विचारावं असं तिथे माझं कुणी नव्हतं.

बाबांच्या चिठ्ठीत असायचं : डोमा तेंदूपत्ता तोडायला जातो, तुझी खुशाली पुसतो. मंडईत येतो, पण मागे उभा राहतो.

मी परतलो तोवर डोमा वारला होता. आता मी नागपुरात माझ्या मुलीकडे असतो. गाव गाडीने काही तासांवर आहे, तरी जाववत नाही. घर म्हटलं की मला दरेकशाचा तो फलाट दिसतो आणि जमिनीवर ठेवलेली पेटी.

हुकूम वरून आला नव्हता, डोमा. माझ्या हातचा होता. काऊन जी, म्हणशील. मंडई तुझ्यासाठी थांबायची, माझ्यासाठी नाही, म्हणून.