दोन मिनिटं बोटं वर

कायद्याच्या त्या कॉलेजात शेवटचा पेपर आणि पुढच्या सेमिस्टरच्या विषयांची नोंदणी एकाच दिवशी, एकाच वेळी येई. असं का, म्हणून ऑफिसात विचारलं तर ‘पहिल्यापासून असंच आहे’ एवढं उत्तर मिळे. मुलं फोन बाहेर ठेवून हॉलमध्ये पेपर लिहीत आणि त्याच वेळी घरोघरी त्यांच्या आया, वडील, आज्या, मोठे भाऊ कॉम्प्युटरपुढे दबा धरून बसत. नोंदणी उघडली की ज्याचं बोट आधी, त्याची सीट. पेपर मुलांचा, घाम घरच्यांचा.

या मुलांत काकूही होत्या. वर्गात त्यांना सगळे काकूच म्हणत. एकदा तर हजेरी घेताना सरांच्या तोंडूनही ‘काकू’ निघून गेलं आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं. लग्न झालं तेव्हा त्यांच्याकडे पदवी होती, पण ती कपाटात गेली ती गेलीच. मग दोन दीर, दोन जावा, एक नणंद आणि एकच शेगडी. शेगडीवरून पेटलं की दोन्ही जावा काकूंकडे येत, आणि काकू दोघींचं ऐकेपर्यंत दूध उतू जाई, पण भांडण मिटे. पुढे दीर आपापल्या घरी गेले, मुलगी सासरी गेली, आणि घर इतकं शांत झालं की काकूंना करमेना. एका सकाळी भाजी आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि लॉ कॉलेजात प्रवेश घेऊन आल्या. भाजी राहिलीच.

आता शेवटचं सेमिस्टर उरलं होतं आणि त्यात काकूंना एकच विषय हवा होता: मध्यस्थी. काळा कोट घालून तावातावाने बोलणं आपलं काम नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. सरावाच्या कोर्टात त्या न्यायाधीशाला ‘अहो, जरा ऐकता का’ म्हणाल्या होत्या. मध्यस्थी शिकवणारे सर मात्र आपल्या विद्यार्थ्यांना थेट कोर्टाच्या समेट केंद्रात नेऊन बसवत, भांडणाऱ्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर. त्या खुर्चीसाठीच तर काकूंनी हा सगळा खटाटोप केला होता. सीटा मोजक्या, आणि सर या सेमिस्टरनंतर निवृत्त होणार. आता हुकली की हुकलीच.

घरी बोट चालवायला होते त्यांचे यजमान. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळ उघडत, पण त्याआधी ते इतका वेळ नुसतं बघत बसत की गिऱ्हाईक चहा पिऊन येई. त्यांना काळजी पडली. सीट संपली असेल तर मी काय करायचं, कुणाला विचारायचं, तू तर आत असणार. काकूंच्या डोक्यात तेव्हा दुसऱ्या दिवशीचा पेपर भिनलेला. त्यांनी ऐटीत एका कागदावर मुखत्यारपत्र लिहून दिलं: ‘प्रसंग पडल्यास योग्य वाटेल ते करण्याचा पूर्ण अधिकार माझ्या यजमानांना राहील.’ खाली सही ठोकली. काकूंना गंमत वाटली. यजमानांनी तो कागद दुकानाच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवला.

पेपरात पहिलाच प्रश्न आला तो मुखत्याराचा. दिलेल्या अधिकारात राहून मुखत्याराने मूर्खपणा केला, तर तो मूर्खपणा अधिकार देणाऱ्यावर बंधनकारक असतो का? काकूंना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. त्यांनी उदाहरण म्हणून एक बाई घेतली, तिचा घड्याळवाला नवरा घेतला, आणि पुरवण्यांवर पुरवण्या लिहिल्या. लिहिता लिहिता त्यांना इतकं हसू आलं की पर्यवेक्षक बाईंनी जवळ येऊन बरं नाही का म्हणून विचारलं. शेवटी काकूंनी ठासून निष्कर्ष काढला: होय, बंधनकारक. अधिकार देताना डोळे उघडे ठेवायचे होते.

बाहेर आल्या तर फाटकाशी यजमान उभे. दुकान बंद करून, कामाचा ॲप्रन तसाच अंगावर घेऊन.

“मिळाली नाही,” ते म्हणाले. “दाबायच्या आधी सूचना एकदा वाचून घ्याव्यात म्हटलं. वाचून वर बघतो, तर भरलेली.”

मग काय केलंत, असं काकूंनी विचारलं.

“मग बाकीचे सगळे घेतले.”

“सगळे म्हणजे?”

“पेटंट, गुन्हेशास्त्र, कामगार, खेळाडूंचा कायदा आणि सागरी. कर नाही घेतला. कराचं नाव काढलं की माझ्या छातीत धडधडतं.”

“अहो, दोनच लागतात.”

“हाताशी असावेत. आणि मला पूर्ण अधिकार होता. याच्यावर कायदा काय म्हणतो, तूच सांग.”

कायदा काय म्हणतो ते काकू नुकत्याच पुरवण्या जोडून लिहून आल्या होत्या. त्या पायरीवर बसल्या आणि रडू येईल म्हणता म्हणता हसतच सुटल्या. यजमानही घाबरत घाबरत हसले.

तोवर बातमी पसरली होती. कुणाचे वडील ऐन वेळी दार उघडायला उठले होते, कुणाच्या भावाने आपलाच पासवर्ड घातला होता. निम्मा वर्ग हात चोळत राहिला होता आणि इकडे ॲप्रनवाल्या काकांकडे पाच-पाच सीटा. मुलं यजमानांभोवती गोळा झाली. काका पेटंट सोडा, काका कामगार सोडा, काका पाणी हवंय का. जन्मात ज्या माणसाला कुणी घाई केल्याशिवाय हाक मारली नव्हती, तो माणूस ॲप्रनच्या खिशात हात घालून म्हणाला, “बघू. विचार करावा लागेल.”

“तुम्ही आणखी विचार करू नका,” काकू म्हणाल्या, आणि पदर खोचून उठल्या.

जास्तीचे विषय संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत खिडकीवर सोडता येत. शिवाय खिडकीची एक रीत होती: सोडणारा आणि घेणारा जोडीने उभे राहिले तर आत बसणाऱ्या बाई एकाची सीट काढून दुसऱ्याला देत. काकूंनी मध्यस्थीची सीट कुणाकडे आहे याचा शोध घेतला. ती निघाली एका चष्मेवालीकडे, आणि तिला ती नकोच होती. तिच्या भावाने हाताला लागेल ते दाबलं होतं. तिला हवा होता करकायदा. करकायदा होता वर्गातल्या उंच्याकडे, आणि उंच्या, जो हॉलच्या दारातून वाकून आत येई, त्याला हवा होता खेळाडूंचा कायदा. तो होता काकूंकडे. काकूंना हे इतकं सोपं वाटलं की त्यांनी टाळी वाजवली.

पण उंच्या म्हणाला, आधी मला द्या, मग मी सोडतो. चष्मेवाली म्हणाली, मला फसवायचं नाही, आधी कर माझ्या नावावर. तिघं खिडकीवर पोचली, तर आतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “जोडीने. तिघांचं जमायचं नाही.”

उंच्या लगेच नियम दाखवा म्हणून वाद घालायला निघाला. काकूंनी त्याला कोपराने मागे सारलं आणि खिडकीशी वाकून हळूच विचारलं, “बाई, तिघांचं केलं तर तुम्हांला त्रास काय होतो?”

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. दिवसभरात त्यांना असं कुणी विचारलं नसावं. मग त्यांनी मन मोकळं केलं. एकाची सीट काढून दुसऱ्याची लावेपर्यंत ती क्षणभर मोकळी असते. दोघांचं असलं तर कसंबसं उरकतं, तिघांत वेळ लागतो, आणि अजूनही घरोघरी लोक टपून बसलेत. मध्येच कुणाच्या आजीने दाबलं की सीट गेली, आणि मग पोरं येऊन बाईंच्याच नावाने शंख करतात.

काकू वळल्या. मागे सगळा वर्ग उभा होता.

“ऐका रे,” त्या म्हणाल्या. “पेटंट, गुन्हेशास्त्र आणि कामगार मी इथेच चिठ्ठ्या टाकून वाटते. पण आत्ता घरी फोन लावायचे. सगळ्यांना सांगायचं, दोन मिनिटं बोटं वर.”

मग जो गलका झाला तो काय विचारता. आई, हात काढ. बाबा, उठाच तिथून. दादा, जिवाची शपथ, माउस सोड. त्या घटकेला गावातल्या कितीतरी घरांत चांगली जाणती माणसं बोटं हवेत धरून बसली असतील. एकाची आजी ऐकेना. तिला वाटलं नातू कुणाच्या तरी दबावाखाली बोलतोय. शेवटी फोन यजमानांनी घेतला आणि घड्याळ उघडताना बोलतात त्या आवाजात म्हणाले, “आजी, काही बिघडलेलं नाही. फक्त हलवू नका.”

आजीने हलवलं नाही. बाईंनी खेळ काढला आणि उंच्याला लावला. कर काढला, चष्मेवालीला लावला. मध्यस्थी काढली. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं, आणि फिरतच राहिलं. काकूंनी यजमानांचा ॲप्रन मुठीत धरला होता, तो इतका घट्ट की ते खाली वाकले.

“लागली,” बाई म्हणाल्या.

वर्गाने असा जल्लोष केला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी दटावलं. काकूंनी शब्दाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या, विषय वाटले, आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्याही पाठीवरून हात फिरवला. शेवटी बाईंनी विचारलं, “सागरी राहिला. कुणाला हवाय?”

मघाशी एकमेकांच्या अंगावर चढणारी मुलं चपलांकडे बघू लागली. काकूंना दुसरा विषय लागणारच होता आणि बाकी सगळं भरलेलं होतं. नदीवरचा पूल ओलांडतानाही त्या डोळे मिटून घेत.

“राहू दे माझ्याकडेच,” त्या म्हणाल्या.

रस्त्याला लागल्यावर त्यांनी यजमानांना विचारलं की बाकीचे ठीक आहेत, पण हा कशाला उचललात. यजमानांनी सांगितलं की एकदा त्यांच्याकडे एका जहाजावरचं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं. पेटीत टांगलेलं, पेटी कशीही कलंडली तरी आतलं घड्याळ सपाटच राहायचं. तेव्हापासून त्यांना वाटायचं, त्या लोकांचं सगळं असतं तरी कसं.

“वर्गात बाहेरच्यांना बसू देतात का गं?” त्यांनी विचारलं. “मी मागे बसेन. बोलणार नाही.”

“बसू देत नाहीत,” काकू म्हणाल्या. “पण मी घरी येऊन सगळं सांगेन. तुम्ही फक्त मध्ये मध्ये थांबवू नका.”

थांबवणार नाही म्हणाले, आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत त्यांनी पहिला प्रश्न विचारलाही: जहाजावर दोघं भांडले, तर मिटवायला कोण जातं?