साटीनची सुलट बाजू

टेलरबाईंच्या शिलाईपेक्षा त्यांची नजर जास्त नावाजलेली होती. शिवणारे त्या रस्त्यावर आणखी तिघं होते, पण कापड निवडायचं म्हटलं की बायका त्यांचंच दार वाजवत. त्या सोबत दुकानात जात. दुकानदाराने तागा उलगडला की रंगाकडे न बघता एक टोक मुठीत गच्च आवळत, मनात दहापर्यंत मोजत आणि मूठ उघडून चुण्या किती राहिल्या ते पाहत. मग कापड दाराशी नेऊन उजेडात तिरकं धरत. साटीन असेल तर अंगठ्याचं नख हलकेच ओढत, धागा सरकतो का म्हणून. एवढं सगळं झाल्यावर त्या बाईकडे बघत. डोक्यापासून पायापर्यंत, एकदाच.

"हे तुम्हाला शोभणार नाही," असं त्या कधीच म्हणत नसत. "हे जरा बोलकं आहे," म्हणत. "तुम्हाला शांत कापड छान दिसेल."

बाई मान डोलवायची आणि शांत कापड घेऊन घरी जायची. जाड बाया, काळ्या बाया, चाळिशीपलीकडच्या बाया, सगळ्यांना टेलरबाईंनी वर्षानुवर्षं शांत केलं होतं. आपण त्यांना वाचवतो, असं त्यांना मनापासून वाटे.

कशापासून, ते फक्त त्यांनाच माहीत होतं. त्या नऊ वर्षांच्या असताना वडिलांनी रजयांच्या कारखान्यातून अस्तराचे उरलेले तुकडे आणले होते, गुलाबी आणि चकचकीत. आईने त्यांचा फ्रॉक शिवला. शाळेच्या कार्यक्रमात तो घालून त्या दिव्याखाली उभ्या राहिल्या आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गोळीचा कागद!" पुढे वर्षभर एक मुलगी त्यांच्या कानाशी कागद चुरगाळायची. चुर्र. बस्स, एवढंच. त्यानंतर टेलरबाईंनी अंगाला चमकणारं काही लावलं नाही. लग्नातसुद्धा नाही.

टेलरबाईंचं दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत बेतायचं टेबल आणि आरसा, मागे दोन मशीन. एका मशीनवर नणंद बसायची. काज-बटणं आणि टोपणनावं ही दोन्ही खाती तिची. गिऱ्हाइकांचे तुकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून शिवणीच्या आत जी जादा पट्टी सोडतात, जिला माया म्हणतात, तिच्यावर बॉलपेनाने खूण करायची पद्धत होती. खूण म्हणजे टोपणनाव आणि माप. उंच बारीक शिक्षिका म्हणजे 'शिडी'. सतत बोलणारी केमिस्टची बायको म्हणजे 'रेडिओ'. नाव नणंद ठेवायची, लिहायच्या टेलरबाई, आणि दोघी मिळून हसायच्या.

"कुणी वाचलं म्हणजे?" टेलरबाईंनी सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"वहिनी, आत कोण बघतंय?" नणंद म्हणाली होती.

हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीत इस्त्री करणारी एक बाई होती. हात भरदार, कंबर त्याहून भरदार. दहा वर्षं ती यायची, वर्षाला दोन साधे सुती कपडे शिवून न्यायची, कधी उणंदुणं काढायची नाही. तिचं नाव 'गादी'.

एका दुपारी ती आली आणि खुर्चीवर न बसताच म्हणाली, "टेलरबाई, या वेळी मला चमकणारं हवंय."

"कोणाचं लग्न?"

"माझं."

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं.

"अगंबाई! अभिनंदन हो," टेलरबाई म्हणाल्या. "कोण आहेत?"

"चौकातला घड्याळवाला. लॉण्ड्रीतलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आला होता. तीनदा आला. तिसऱ्यांदा घड्याळ बिघडलेलंच नव्हतं."

मागून नणंदेचं हसू फुटलं. इस्त्रीवालीही हसली. त्रेपन्न वर्षांची बाई, पण हसताना तिने तोंडावर हात धरला.

कापडाच्या दुकानात टेलरबाईंनी तिच्यापुढे आधी मऊ, बिनचमकीचं क्रेप टाकलं. निळं, राखी, मग गर्द हिरवं. इस्त्रीवालीने प्रत्येकावरून हात फिरवला आणि प्रत्येक बाजूला सारलं. "छान आहे, पण चमकत नाही."

"चमक जरा बोलकी असते हो."

"बोलू दे ना." ती काउंटरवर वाकली. "आमच्याकडे गडद कापडावर इस्त्री जास्त वेळ टेकली की चकाकी येते. ती चूक. सुपरवायझर उजेडात धरून दाखवतो सगळ्यांना, ही बघा हिची चूक. पंचवीस वर्षं त्या चकाकीला भीत आले मी. एक दिवस मुद्दाम चमकायचंय."

टेलरबाईंचं लक्ष वरच्या फळीवर गेलं. तिथे डाळिंबी साटीन होतं, जड आणि दुहेरी. एका बाजूने पाण्यासारखं चमकणारं, दुसऱ्या बाजूने क्रेपसारखं मंद. मूठ उघडल्यावर एक चुणी राहिली नाही. इस्त्रीवालीने चमकती बाजू गालाला लावली आणि डोळे मिटले.

"हेच," ती म्हणाली.

"याला माया जास्त सोडावी लागते," टेलरबाईंनी समजावलं. "नुसतं कापलं की धागे सुटत जातात. आणि एकदा टीप घातली की घातली. उसवली तर सुईची भोकं तशीच राहतात."

"तुम्ही आहात ना. मला काय कळतंय त्यातलं?"

दोन दिवसांनी बेतायच्या टेबलावर ते डाळिंबी कापड पसरलं तेव्हा खिडकीतला उजेड त्याच्यावरून वाहत होता. टेलरबाईंनी डोळ्यांपुढे ती कंबर आणली, ते दंड आणले, त्यावर हा उजेड सांडलेला पाहिला. कानाशी कागद चुरगाळला. चुर्र. त्यांनी कापड पालथं केलं.

"वहिनी, सुलट आत जातेय," नणंद दारातून म्हणाली.

टेलरबाईंनी चार टाचण्या ओठांत धरल्या. उत्तर द्यायचं नसलं की त्या असंच करत. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला कोण बोलायला लावणार?

मंद बाजू बाहेर ठेवून त्यांनी ड्रेस शिवला. घोट्यापर्यंत लांब, सैल, डोक्यावरून घालायचा, कंबर झाकणारा. बाहेरून एकेक टीप ओळीत बसवलेली. आतून मात्र घाई. डाळिंबी दोरा मधेच संपला तेव्हा बॉबिनमध्ये तपकिरी भरला. आतल्या कडांना इंटरलॉक केलं, पण वेडंवाकडं. आणि कमरेच्या मागच्या शिवणीत, मायेच्या पट्टीवर, स्वच्छ अक्षरात लिहिलं: गादी ४६.

ड्रेस न्यायला आल्यावर इस्त्रीवालीने तो उजेडात धरून पाहिला. मग बाहीत हात घालून आतली बाजू चाचपली.

"चमक आत आहे," ती म्हणाली.

"अंगाला गुळगुळीत लागेल. आणि बाहेरून कसं शांत, भारदस्त. तुम्हाला हेच शोभतं, माझ्यावर विश्वास ठेवा."

"बरं." तिने घडी घातली. लॉण्ड्रीतली घडी, कडेला कड. "शनिवारी यायचं हं तुम्ही. सह्या अकराला आहेत. माझ्या बाजूने फारसं कोणी नाही."

शनिवारी टेलरबाई करड्या रंगाच्या कपड्यांत, फुलं घेऊन नोंदणी कचेरीत पोचल्या. लांब बोळ, भिंतीला लागून बाकं, बाकांवर लॉण्ड्रीतल्या चार-पाच बायका. बोळाच्या टोकाला, मोठ्या खिडकीपाशी नवरी उभी होती आणि ती चमकत होती. डाळिंबी उजेड खांद्यांवरून, कमरेवरून थेट घोट्यापर्यंत उतरला होता. दंड होते तेवढेच, कंबर होती तेवढीच. टेलरबाई जागच्या थांबल्या, कारण ती सुंदर दिसत होती. अगदी साधी, न नाकारता येणारी गोष्ट होती ती.

मग त्यांना शिवणी दिसल्या.

तिने ड्रेस उलटा घातला होता. दोन्ही कुशींवरून मायेच्या मंद पट्ट्या खाली गेल्या होत्या. तपकिरी टीप, वाकडं इंटरलॉक, गळ्यापाशी लोंबणारा दोरा, सगळं बाहेर, खिडकीच्या भर उजेडात. इस्त्री मात्र अशी की एकेक पट्टी जणू मुद्दाम नक्षी म्हणून बसवली असावी.

"आल्या! माझ्या टेलरबाई," नवरीने सगळ्यांना सांगितलं. "यांनी शिवलाय."

लॉण्ड्रीतल्या बायकांनी मान वळवून आधी ड्रेसकडे, मग टेलरबाईंकडे पाहिलं. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं.

घड्याळवाला पुढे आला. छोटासा, नीट भांग पाडलेला माणूस. "ही म्हणाली, उलटा घालू का? म्हटलं घाल की. माझ्या धंद्यात सगळं काम आतच असतं, बाहेर नुसते दोन काटे." आणि स्वतःच खूश होऊन हसला.

टेलरबाईंना हसू आलं नाही, कारण तेवढ्यात त्यांना कमरेची मागची शिवण आठवली.

पुढचा तासभर त्या नवरीच्या मागे होत्या. ती सहीला वाकली तेव्हा मागे. कारकुनाने तिचं पूर्ण नाव पुकारलं तेव्हा मागे. दहा वर्षांत ते नाव टेलरबाईंनी पहिल्यांदा ऐकलं. गोड, जुन्या वळणाचं नाव होतं. पायऱ्यांवर फोटो सुरू झाले तसा त्यांनी तिच्या कमरेवर, बरोबर त्या दोन शब्दांवर, तळहात दाबून धरला.

"मावशी, जरा बाजूला होता का?" फोटोवाला म्हणाला.

"असू दे, मी इथेच बरी आहे."

"सोडवेना हो यांना," लॉण्ड्रीतली एक जण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. टेलरबाईंच्या तळव्याला घाम सुटला होता. साटीनवर घामाचा डाग पडतो हेही त्यांना ठाऊक होतं, तरी हात निघेना.

शेवटी नवरी हात धुवायला गेली, तेव्हा त्या पाठोपाठ गेल्या. आरशासमोर दोघीच उरल्या. नळ चालू होता.

"मागे, शिवणीवर," टेलरबाईंनी सुरुवात केली आणि ओठ मिटून घेतले. टाचण्या तर नव्हत्या तोंडात.

"गादी सेहेचाळीस," नवरी म्हणाली. ती हात धुतच होती. "वाचलं मी. गुरुवारी, इस्त्री करताना. आधी वाटलं, चादरींवर आम्ही वॉर्डाचं नाव घालतो तसं काहीतरी असेल. मग कळलं, हा वॉर्ड मीच."

"मग कापून का नाही टाकलीत ती पट्टी?"

"धागे सुटतात म्हणाला होतात ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर टेलरबाईंना बरं वाटलं असतं.

"माझ्या पर्समध्ये सुईदोरा आहे," त्या घाईने म्हणाल्या. "पाचच मिनिटं लागतील. पट्टी आत दुमडून हाताने..."

"आज नको." नवरीने नळ बंद केला, ओले हात झटकले, आरशात एकदा स्वतःला डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं. उजेड कमरेवरून फिरला. "आज कशी दिसते ते सांगा. खरं सांगायचं."

"छान दिसता," टेलरबाई म्हणाल्या. "मी चुकले."

"चला, लोक वाट बघतायत."

आठवड्याने तिने ड्रेस आणून दिला. आतली बाजू नीट करायला, म्हणजे आता बाहेरची. टेलरबाईंनी तो सहा दिवस मांडीवर घेतला. तपकिरी टीप उसवता येत नव्हती, भोकं राहिली असती, म्हणून त्याच कापडाची नाजूक पट्टी काढून प्रत्येक कडेला हाताने गोट घातला. शाई निघाली नाही. लिंबू झालं, स्पिरिट झालं, अक्षरं फिकी झाली पण जाईनात. शेवटी ती गोटाच्या आत दुमडली आणि बारीक टाक्यांनी बंद केली.

"आता कुणाला दिसणार नाही, वहिनी," नणंद हळूच म्हणाली. त्या दिवसापासून तिने एकही नवं नाव ठेवलं नव्हतं.

"मला दिसतंय ना."

ड्रेस न्यायला आली तेव्हा इस्त्रीवालीने प्रत्येक गोटावरून अंगठा फिरवला. कमरेपाशी अंगठा क्षणभर थांबला, मग पुढे गेला. "असं काम पाहिलं नव्हतं मी," ती म्हणाली, आणि पिशवीतून चौकटीतला फोटो काढला. कचेरीच्या पायऱ्या, घड्याळवाला, झगमगती नवरी आणि तिच्या कमरेवर हात ठेवून अगदी चिकटून उभी असलेली करड्या कपड्यांतली बाई.

"सगळ्या फोटोंत तुम्ही मला अशाच धरून आहात. घरी येणारे विचारतात, ही बहीण का?" ती हसली. या वेळी तोंडावर हात धरला नाही. "मी हो म्हणते. इथे लावा, आरशाशेजारी."

नाही कसं म्हणणार? फोटो लावला. इस्त्रीवाली वर्षातून दोनदा येते, तो जागेवर आहे ना ते बघते. टेलरबाई आजही गिऱ्हाइकांबरोबर कापडाच्या दुकानात जातात, मूठ आवळतात, नख ओढतात. बाईने चमकणारं मागितलं की दुकानदाराला वरची फळी दाखवतात आणि तागा उलगडला की आधी विचारतात, "सुलट कुठली ठेवायची? तुम्ही सांगा."

पण मापाला आरशासमोर उभी राहिलेली प्रत्येक नवी बाई हमखास त्या फोटोकडे बघते. "अय्या, किती छान धरलंय तुम्ही! बहीण का तुमची?" मागच्या खोलीतलं मशीन थांबतं. टेलरबाई डबीतून चार टाचण्या उचलतात, ओठांत धरतात आणि बाईच्या कमरेभोवती टेप गुंडाळतात.