जाऊबाईंचे चार दिवस

जाऊबाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण आम्हा दोघींना शेजारी उभं केलं तर खामगावच्या बाजारातला कुणीही मलाच थोरली म्हणेल. एका भाजीवालीनं म्हटलंही. माझ्या पिशवीत मेथी टाकून ती जाऊबाईंना म्हणाली, "मोठ्या बाईनं घेतली, तुले किती देऊ वं?" जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. घरी आल्यावर ती मेथी मी निवडली नाही, निम्मी गाईपुढे टाकली.

माझी पाळी तशी लवकरच गेली. गेली तेव्हा मला काय आनंद! आमच्या घरात अजून पाळी आली की बाजूला बसावं लागतं. चार दिवस मागच्या खोलीत, स्वयंपाकघरात पाऊल नाही, देवाला हात नाही. ते एकदाचं सुटलं म्हणून मी सासूबाईंना आपणहून जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता देवाधर्माचं सगळं तुह्याच हाती." मला तर मान मिळाल्यासारखं वाटलं. पुढे महालक्ष्म्यांचं पुरण, सोळा भाज्या, आंबील, नवरात्राचे दिवे, श्राद्धाचे वडे सगळं माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा कळलं कसला मान होता तो.

जाऊबाईंची मात्र चालूच. दर महिन्याला केस मोकळे सोडून त्या दाराशी यायच्या, "आई, मले अडचण आली" म्हणायच्या आणि मागच्या खोलीत जायच्या. तिथे खाट, पंखा, मोबाइलवर मालिका. ताट मी नेऊन द्यायची. सण जवळ आला की बाकीच्या बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, तर ह्या म्हणायच्या, "मले नाही सोसत गोळ्या." माझा नुसता जळफळाट व्हायचा. कामापायी नव्हे, खरं सांगते. काम मी आयुष्यभर केलंय. पन्नाशी उलटलेल्या बाईचं अंग अजून तरुण आहे आणि माझं वाळून चाललंय, हे मला बघवत नव्हतं. मी झोपेत घामानं भिजून उठायची, तोंडाला कोरड, जिभेची आग व्हायची, जसा काही सकाळी-संध्याकाळी ठेचाच खाल्लाय. आणि ही बाई खाटेवर पाय हलवत, गालावर तुकतुकी! देवानं माझ्या वाटचं उचलून तिच्या पदरात टाकलं असं वाटायचं.

मग हिरड्यांचं सुरू झालं. ब्रश केला की थुंकीत रक्त. मी शहाणी, ब्रशच ठेवून दिला. म्हटलं, ज्यानं रक्त येतं ते करायचंच कशाला? बोटानं काळं मंजन लावायची, फार दुखलं तर लवंगेचं तेल. कुणाला बोलले नाही. पाळी गेली, केस गेले, आता दातही गेले असं जाऊबाईंसमोर कोण सांगणार? त्या रात्री जेवणानंतरही दात घासायच्या. "आता कुठं वरातीले जाऊन राह्यल्या?" म्हणून मी त्यांना चिडवायची.

त्या हिवाळ्याच्या शेवटी शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. रोडग्याची खरी मजा वरच्या कडक पापुद्र्यात. जाऊबाई तो करकरा चावून खात होत्या, वर कच्चा कांदा. मी माझा रोडगा वरणात भिजवून लापशी करून ठेवलेला. तरी एक कडक तुकडा दाताखाली आलाच, आणि खालचा समोरचा दात चक्क हलला. डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं वं?" जाऊबाईंनी पाहिलंच.

"मिरची लागली."

"वरणात कुठली मिरची? तोंड उघड."

मी उघडलं नाही. पण ती बाई काही सोडणारी नव्हती. आज-उद्या करत मी उन्हाळा घालवला, पावसाळाही निम्मा घालवला. शेवटी त्या म्हणाल्या, "तू येतं का दवाखान्यात, का भाऊजींले सांगू?" तेव्हा मुकाट्यानं गेले.

दातांची डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची पोरगी. तिनं आरशानं सगळं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा. मला वाटलं, दातांचा आणि त्याचा काय संबंध? तिनं समजावून सांगितलं. पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, त्यानं लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं, हिरड्या नाजूक होतात, जबड्याचं हाडही झिजू लागतं. रक्त येतं म्हणून घासणं सोडलं की तिथे कीटण साचतं आणि दुखणं वाढतं. "काकू, मऊ ब्रशनं तिथेच नीट घासायचं असतं. तुम्ही बरोब्बर उलटं केलं." खालचे दोन दात हलत होते. हिरडी उघडून आतून साफ करायची, टाके घालायचे, नंतर आठ दिवस गरम नाही, तिखट नाही, चुलीपुढे-गॅसपुढे उभं राहणं नाही.

"महालक्ष्म्या झाल्या की करू," मी म्हटलं.

"तोवर दात राहतील असं मी सांगू शकत नाही."

तिनं वरवरची सफाई करून तोंडात कापूस कोंबला आणि सहज जाऊबाईंना म्हणाली, "तुम्हीही बसा, बघून देते." त्या नाही नाही म्हणत बसल्या. "हिरड्या छान आहेत हो तुमच्या. पाळी सुरू आहे?"

जाऊबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "बंद झाली."

"कधी?"

"हिच्या आधी."

माझ्या तोंडात कापूस, बोलताही येईना! दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी दम धरला, मग कापूस फेकला आणि विचारलं, "काऊन? इतकी वर्षं नाटक काऊन केलं?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "लग्न झालं तवापासून त्या चार दिवसांतच मले कोणी हाक मारली नाही. सांगतलं असतं तर तेही गेले असते. तू सांगतलंस, अन् तुह्यं काय झालं ते मी पाह्यलंच की."

मी ऑटोत त्यांच्याकडे पाठ करून बसले. इतके दिवस हिच्या तारुण्यावर जळत होते, आता हिच्या डोक्यावर जळू लागले. मला का नाही सुचलं? मी मूर्ख, आनंदानं पेढे वाटावेत तसं सांगून आले! सासूबाईंना सगळं सांगून टाकावं असं सतरांदा ओठांवर आलं. पण सांगून काय, तिचे चार दिवस मला थोडेच मिळणार होते? दातांचं मी मनातून सोडून दिलं. जातील तर जातील. महालक्ष्म्या टाकून टाके घालत बसते, असं म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई कामं वाटत होत्या. पुरण धाकटीनं, भाज्या धाकटीनं, आंबील धाकटीनं. जाऊबाई दाराशी आल्या. केस बांधलेले होते.

"आई, पुरण मी घालीन. माही पाळी बंद झाली. लय दिवस झाले. हिच्या हिरडीचं ऑपरेशन हाय उद्या, मीच ठरवून आली, हिले आठ दिवस उठवू नका."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लय दिवस झाले? मंग आजवर काय होतं?"

"आजवर मले निजावं वाटत होतं."

सासूबाईंनी हातातली वात वळून ताटात ठेवली. म्हणाल्या, "बरं. सकाळी लवकर उठजो."

टाके घालून आले ती मागच्या खोलीत निजले. गालावर बर्फ, डोक्यावर पंखा. बाहेर जेवणावळ चाललेली. पाहुणे पुरणपोळीची तारीफ करत होते, थोरलीच्या हाताला चवच वेगळी म्हणत होते, आणि इतकी वर्षं तसं मला कुणी म्हटलं नव्हतं. दात वाचले होते तरी मी जळत होते. ही माझ्यासाठी उभी आहे हे कळत होतं, आणि तरीही.

चार वाजले असतील. जाऊबाई गार पेज घेऊन आल्या. कोपरापर्यंत पीठ, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. मी पेज प्यायले तोवर त्या उभ्याच होत्या, बसायलाही वेळ नव्हता. बाहेरून "थोरले, अवं थोरले" अशी हाक आली, लगेच दुसरी आली. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. पंख्याकडे, उशीकडे, मी अंगावर ओढलेल्या चादरीकडे पाहत होत्या. ती नजर मला ओळखू आली. ताट नेऊन द्यायची तेव्हा मी अशीच पाहायची.

वाटी माझ्या हातातून घेत त्या हळूच म्हणाल्या, "लवकर बरी होऊ नको वं," आणि पदराला हात पुसत गेल्या.