अस्वलाची ओटी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी ढगाळ, दुपारी विजांसह पाऊस, संध्याकाळी नुसतं चिकट उकडतंय.

आमच्या कामात पिल्लं होत नाहीत, किस्से मात्र भरपूर होतात! प्राण्यांच्या प्रजनन केंद्रात गोठवलेल्या वीर्याच्या टाक्या मी सांभाळते. बारू नावाचा सन बेअर, म्हणजे छोट्या चणीच्या जातीचं नर अस्वल, गेला, तेव्हा त्याच्या वीर्याच्या तीन नळ्या मागे राहिल्या. आमची मादी एकच, मेलाती. बाकीचे नर तिचे सख्खे भाऊ. म्हणजे जे व्हायचं ते या तीन नळ्यांतूनच.

*

इथे परदेशातही सत्यनारायण होतात; पुंगोल भागात एकाला गेले होते. प्रसाद हातावर ठेवताना काकूंनी हळूच विचारलं, "तुम्ही आयव्हीएफमध्ये ना? आमच्या सुनेचं बघा की."

"काकू, मी अस्वलांचं बघते."

"असू दे हो. डॉक्टरांशी ओळख तर आहे ना!"

*

आमची टाकी बिघडली, म्हणून नळ्या दुसऱ्या लॅबमध्ये ठेवल्या होत्या. परत आणताना टॅक्सीवाल्या अंकलनी मांडीवरच्या डब्याकडे संशयाने पाहिलं.

"ड्युरियन? नो ड्युरियन, ला!" त्या उग्र वासाच्या फळाला इथे टॅक्सीत बंदी.

"नाही अंकल. अस्वल आहे. म्हणजे... अस्वलाचा बाप."

"बाप? डब्यात?"

"वारला तो."

अंकलनी रेडिओ बंद केला. पुढचा प्रत्येक स्पीडब्रेकर त्यांनी इतका अलगद ओलांडला, की मलाच रडू आलं.

*

पहिली नळी मेलातीला दिली, वाया गेली. दुसरीही.

पैशांची मदत मागायला मी आणि मंदार तांजोंग पगार या बँकांच्या भागात गेलो. मंदार पुण्याचा, आमच्याकडचा कॉम्प्युटर सांभाळतो. समोर एक मराठी बँकर.

"सक्सेस रेट काय?"

मंदार खरं बोलून गेला. "आत्तापर्यंत शून्य."

"अरे वा, म्हणजे अपसाइड भरपूर आहे!"

कॉफी मात्र चांगली पाजली.

*

तिसरी नळी दिली आणि काही आठवड्यांनी मेलातीचे हार्मोन्स वाढले. ती पाला ओढून अंथरूण करायला लागली. आमचे कधी न हसणारे पशुवैद्य डॉक्टर लिम लिफ्टमध्ये गुणगुणताना सापडले!

मी हौसेने नारळ घेऊन गेले.

"ताई, अस्वलाची ओटी भरताय?" मंदार म्हणाला. "साडी कुठली आणलीत? पैठणी?"

"गप रे. नारळ ती एरवीही खातेच. आज माझ्या हातचा."

मेलातीला बाटलीने दूध पाजून वाढवणाऱ्या पाक हसननी (पाक म्हणजे इथले काका) नारळ आत सरकवला. "बघा आता, दोन मिनिटांत फोडेल."

तिने तो हुंगला. चाटला. मग अंथरुणात नेऊन पोटाशी घेतला आणि झोपली.

"झालं!" मंदार ओरडला. "आता बारशाचं बघा!"

*

आज सोनोग्राफी. मेलाती जाळीला पोट लावून शांतपणे मध चाटत उभी. डॉक्टर लिम बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"रिकामं आहे," ते म्हणाले. "खोटं गर्भारपण. अस्वलांत होतं असं. तिच्या शरीराला वाटतंय दिवस गेलेत, एवढंच."

मंदारने ते चित्र मेलातीच्या फाईलमध्ये सेव्ह केलं.

पाक हसननी मधाचं झाकण लावलं. "डॉक्टर, तिला नका सांगू."

डॉक्टरांनी मशीन बंद केलं. जाता जाता म्हणाले, "तो नारळ आता वास मारतोय. काढून टाका."

पाक हसननी नारळाच्या भोवतीने पिंजरा झाडला.

तिसरी नळी : गर्भ नाही. बारूच्या नळ्या शिल्लक : शून्य. नारळ : अखंड, मेलातीजवळ.