संध्याची मधपेटी

खोटं कशाला बोलू, संध्या मला बघवत नाही. दोन वर्षांमागे पुण्याहून हेब्बाळला आली, आमच्या भिंतीला लागून घर घेतलं. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी बाई, फोनवर बघून मधपेटी घेऊन आली! आणि माश्या टिकल्यासुद्धा. येताजाता मला ‘अक्का, अक्का’ करते. बोलतेही गोड मेली.

आमच्याकडे सातेरी माश्या सासऱ्यांपासून. संक्रांतीच्या अभिषेकाला देवळात मध जातो तो त्यांच्या, म्हणजे नरसिंहरावांच्या घरचा. लग्न होऊन आले तेव्हापासून ती वाटी मीच नेते. वर्षातून तेवढा एक दिवस सगळे मला नावानं ओळखतात. यंदा पुजाऱ्यांनी संध्यालाही विचारून ठेवलं, कमी पडला तर असावा म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चंपाषष्ठीला पेटीवर गोणपाट घालायचं ही सासऱ्यांची शिस्त. मीही घातलं. यंदा थंडी कुठली? डिसेंबरात पंखा लावून झोपतोय आम्ही. पण रीत ती रीत. संध्याची पेटी उघडीच होती. मनात म्हटलं, गारठून मरू देत, मग कळेल हिला.

काल सकाळी गोणपाट काढलं, पेटी उघडली. आत पोळ्यावर जाळीच जाळी, मेणकिड्याच्या अळ्या वळवळतायत, आणि माश्या घर सोडून गेलेल्या. थंडी पडली की या अळ्या सुस्तावतात, वाढत नाहीत, म्हणून तर माश्या निभावतात. यंदा गारठा नव्हताच, वर मी त्या अळ्यांना पांघरूण घातलं! भिंतीपलीकडे तिच्या माश्यांची मात्र खुशाल ये-जा चाललेली. नुसता जळफळाट झाला माझा.

तेवढ्यात तीच भिंतीवरून डोकावली. मी घाईनं पेटीवर झाकण टाकलं. पहाटे ‘स्वल्प’ गार वाटतं हल्ली, असं काहीतरी इथला कानडी शब्द घालून म्हणाली. मग तिची नजर माझ्या हातातल्या गोणपाटावर गेली.

“अक्का, मीपण घालू का?”

“घाल,” मी म्हणाले. “चांगलं जाड घाल.”

वर हातातलं गोणपाटही तिला देऊन टाकलं.

तिचा चेहरा फुलला. “बरं झालं तुम्हाला विचारलं. इथं मला सांगणारं दुसरं कोण आहे?”

गोणपाट छातीशी धरून ती पेटीकडे गेली. मी तिला हाक मारली नाही.